असोला नारळ

लोक परदेशात कमवायला जातात, मी स्वस्तात राहायला गेले. एवढी साधी गोष्ट मुलुंडमध्ये अजून कुणाच्या पचनी पडलेली नाही, माझ्या थोरल्या भावाच्या तर नाहीच. "दुबईला गेलीस असं सांगू का लोकांना?" असं दादाने मला एकदा फोनवर खरोखर विचारलं होतं.

गोरा माणूस अर्ध्या चड्डीत गोव्याला वर्षानुवर्षं पडून राहिला तर तो एक्स्पॅट. मालवणी बाई गाऊन घालून परक्या गावात राहिली की लगेच प्रश्न, काय बिनसलं गं हिचं? काही बिनसलेलं नाही. नवरा गेला, मूलबाळ नाही, नोकरी संपली. मुलुंडचं वन रूम किचन भाड्याने दिलं आणि त्या भाड्यात रोज मासे खाऊन ताठ मानेने राहता येईल असं गाव शोधलं. ते फिलिपिन्समध्ये निघालं, त्याला मी काय करू?

गाव म्हणजे बाजाराचा एक रस्ता आणि तिन्ही बाजूंना भातशेती. कापणी झाली की भात रस्त्यावरच वाळत घालतात आणि गाड्या उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून मुकाट जातात. हॉर्न कुणी वाजवत नाही. माझी खोली घरमालकिणीच्या मागच्या अंगणात, वर पत्रे, आत एक शेगडी. फ्रिज नाही, कारण मासे रोज ताजे मिळतात. तो स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. वादळानंतर चार चार दिवस वीज नसते, तेव्हा मी अस्सल मालवणीत शिव्या घालते. कुणाला कळत नाहीत, हा एक फायदा.

घरमालकीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी, विधवा. शेत आणि नारळाची बाग एकटीने सांभाळते. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालतं आणि भांडणही त्यातच. खरं मोठं भांडण एकदाच झालं, आणि चूक माझी होती.

तिची मुलगी नर्सच्या नोकरीसाठी परदेशी निघाली होती. तरणीताठी पोर, बॅग दारात, डोळे लाल. मला राहवलं नाही. बाजारातून किलोभर तांदूळ आणले, एक नारळ आणला, खण कुठला मिळायला, म्हणून नवा रुमाल घेतला, आणि तिच्या टीशर्टचा घेर पसरायला लावून त्यात ओटी भरली. पोरगी गोंधळली, पण हसली. आई मात्र तोंड फिरवून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात तांदळाचं अख्खं पोतं. बाजूला ती कमरेवर हात ठेवून उभी.

"पूर आला की सरकार वाटतं तसे तांदूळ माझ्या मुलीला दिलेस?" ती म्हणाली. "माझ्या शेतात पिकत नाहीत? आणि नारळ? दुकानातून? माझ्या घरात?"

भाताच्या घरात विकतचे तांदूळ आणि बागायतदारणीच्या दारात विकतचा नारळ! माझ्या अकलेची कीव आली मला. मी हात जोडले आणि समजावत बसले, की ही आमची रीत आहे, निघालेल्या मुलीचा पदर रिकामा ठेवत नाहीत. तिचा राग उतरत होता. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "खरं तर मी ओटी भरायलाच नको होती. मला अधिकार नाही."

"का?"

"नवरा वारला माझा."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग पोट धरून हसायला लागली. "माझाही मेला की. तांदूळ काय तो पिकवतोय?"

मीही हसले आणि हसता हसता रडले. नवरा गेल्यापासून मी कुणाची ओटी भरली नव्हती. कधी कुणी मनाई केली नव्हती, फक्त हळदीकुंकवाचं ताट माझ्यापाशी आलं की अलगद वळायचं.

यंदा दादाच्या मुलीच्या, माझ्या भाचीच्या डोहाळजेवणासाठी मुलुंडला यायचं ठरलं, तेव्हा निघायच्या दिवशी घरमालकिणीने माझी ओढणी पसरायला लावली. घरचे तांदूळ घातले आणि वर असोला नारळ ठेवला, सोडणासकट, चांगला दोन किलोचा. मी म्हटलं, हा विमानातून कसा नेऊ? ती म्हणाली, "इथेच ठेव. परत येऊन घे."

परत जाणार हे तेव्हा ठरलेलं नव्हतं, खरं सांगते. परतीचं तिकीट काढलं नव्हतं. पावसाळ्यात एकटी तापाने फणफणले होते, तेव्हापासून मन डळमळत होतं. दादाने मागची खोली रिकामी करून ठेवली होती. "आता पुरे झाले गं हे खेळ," तो म्हणाला. "म्हातारपणी आपली माणसं लागतात." मी होही म्हणून टाकणार होते.

डोहाळजेवण सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. झोपाळा, फुलांचे दागिने, फोटोवाला. भाची हिरव्या शालूत इतकी गोड दिसत होती की मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. लहानपणी ती माझ्या मांडीवर झोपायची. एकेक बाई उठून ओटी भरू लागली. माझी वेळ आली तशी वहिनी लगबगीने माझ्याजवळ आली.

"तू बस गं निवांत. तुझे गुडघे दुखतात ना?"

माझे गुडघे तिथे रोज बांधावरून चालतात. मी उठले. ताटातले तांदूळ ओंजळीत घेतले, नारळ उचलला आणि झोपाळ्यापुढे जाऊन उभी राहिले.

भाचीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ये ना आत्या," म्हणाली आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

मी भरली. तोंडभरून आशीर्वाद दिला. वहिनीशी नजर मिळवली आणि परत जागेवर येऊन बसले.

संध्याकाळी दादा खोलीत आला, दाराला टेकून उभा राहिला. चिडलेला नव्हता, दुखावलेला होता. ते जास्त जड गेलं.

"तिकडे राहून हे शिकलीस?"

"नाही रे दादा. ओटी आईनेच शिकवली. तिथे फक्त मला कुणी अडवलं नाही."

तो वर नव्या पंख्याकडे बघत होता. माझ्यासाठी बसवून घेतला होता त्याने.

"मग जाणारच तू?" शेवटी म्हणाला. "असं आहे तरी काय तिथे तुझं?"

"माझ्या ओटीतला नारळ," मी म्हटलं आणि तिकीट काढायला फोन हातात घेतला.