वरच्या तारा

आखातातल्या रुवैसला मी एका कंत्राटदार कंपनीच्या दवाखान्यात टेक्निशियन होते. गोंगाटात काम करणाऱ्यांचे कान वर्षातून एकदा तपासायचे, हे माझं काम. माणसाला छोट्याशा बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं.

त्यांतलाच एक फिनलंडचा होता, पन्नाशीचा, कॉम्प्रेसरवरचा इंजिनिअर. पहिल्या वर्षी तपासणी झाल्यावर म्हणाला, "सिस्टर, तुमच्या मशीनच्या ह्या शिट्ट्या मला रेकॉर्ड करून द्याल? गाण्यात घालतो." मी वसईची, चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेली. शिट्ट्यांचं गाणं कसं होणार, ते मला कळेना. त्यावरून आमची ओळख झाली आणि शनिवारी तो आमच्याकडे जेवायला येऊ लागला. येताना त्याचं वाद्य आणायचा. स्वरमंडळासारखं, मांडीवर घेऊन बोटांनी छेडायचं.

हळूहळू सगळं कळलं. तरुणपणी आठ-नऊ मित्रमैत्रिणींनी एका बंद पडलेल्या शाळेत मुक्काम टाकला होता. गावातल्या बायका पूर्वी मयताला जी गाणी रडून म्हणायच्या, ती ते म्हणायचे; सोबत मोडका अकॉर्डियन, पातेली, मुलांची खेळणी, जे हाताला लागेल ते. स्वतःच कॅसेटी भरून वाटायचे. पुढे इलेक्ट्रिक गिटार आल्या, एकाच सुरावर तास तासभर वाजवणं सुरू झालं, परदेशातून बोलावणी आली. मग एक दारूत गेला, दोघांचं भांडण झालं, बाकीचे मुलाबाळांत आणि नोकऱ्यांत अडकले. शेवटी उरले हा आणि एक बाई. ती तिकडून आवाज भरून पाठवायची, हा इकडे कंपनीच्या कॅम्पातल्या खोलीत तारा वाजवून त्यात मिसळायचा.

"मग आता ग्रुप कुठाय?" माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं.

"ईमेलमध्ये," तो म्हणाला.

दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत त्याच्या आलेखात खड्डा दिसला. वरच्या सुरांना त्याने बटण दाबलंच नव्हतं.

"सर्दी झालीय," तो म्हणाला. "पुढच्या वेळी नीट येईल."

सर्दीने तसा खड्डा पडत नाही, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांकडे पाठवलं असतं, तर त्याला लगेच प्लांटवरून काढलं असतं आणि कदाचित घरी धाडलं असतं. मी रिपोर्टवर लिहिलं : सर्दी, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. त्याने तो वाचला आणि खाली सही केली. सहा महिन्यांनी शटडाऊनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं काम निघालं. तो आला नाही आणि मीही बोलावलं नाही.

त्याच सुमारास त्याच्या वाजवण्यावर तिकडे कौतुकाचं लिहून येऊ लागलं. वरच्या तारा कशा कर्कश, चढ्या लागतात, ऐकणाऱ्याला कशा टोचतात. एवढ्या वर्षांनी ग्रुपला नवा रस्ता सापडला, असं लिहिलं होतं. त्या बाईलाही ते धाडसाचं वाटलं होतं. त्याने मला फोनवर वाचून दाखवलं, इंग्रजीत भाषांतर करून. वाचताना त्याचा आवाज सपाट होता.

एका शनिवारी तो आमच्या हॉलमध्ये तारा लावत होता. सूर दाखवणारं मशीन वापरायचं नाही, कानाने लावायच्या, हा त्यांच्या ग्रुपचा सुरुवातीपासूनचा नेम. माझी बारा वर्षांची मुलगी व्हायोलिन शिकते. ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मम्मा, द टॉप स्ट्रिंग्ज आर रॉंग. ही कान्ट हिअर इट."

मी बाहेर आले. तो शेवटची तार पुन्हा पुन्हा ओढत होता, जोराने, आणि बोटाचं टोक लाल झालं होतं.

"तुम्हाला ऐकू येत नाही ना?" मी विचारलं.

तो थांबला. "तार हलताना दिसते," तो म्हणाला. "त्यावरून अंदाज घेतो."

"कधीपासून?"

"सिस्टर, तुम्हाला माहीत आहे कधीपासून."

रविवारी मी दवाखाना उघडून त्याची तपासणी घेतली. पलीकडे तो बटणावर अंगठा ठेवून बसला होता आणि मी आवाज वाढवत होते. अंगठा हलेना. वर्षभरात दोन्ही कानांचं बरंच गेलं होतं, आणि गेलेलं परत येणारं नव्हतं. ह्या वेळी मी रिपोर्ट डॉक्टरांकडे पाठवला. महिन्याभरात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं. निघताना तो भेटायला आला नाही.

मी माझ्या साहेबांकडे जाऊन आदल्या वर्षीचं खरं सांगितलं. सर्दी नव्हती, मी खोटं लिहिलं होतं. तेव्हाच त्याला गोंगाटातून हलवलं असतं, तर उरलेलं तरी वाचलं असतं. साहेबांनी दार लोटून घेतलं.

"खलास," ते म्हणाले. "माणूस गेला, फाइल बंद झाली. आता उकरून काय करायचंय?"

मी त्याला माफी मागणारं पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. रागाचा शब्द नव्हता. मशीनने तारा लावून पाहिल्या, पण वाजवताना काही कळत नाही, म्हणून थांबलोय, असं लिहिलं होतं. वरच्या तारा चुकून चढ्या लागत होत्या, हे त्याने त्या बाईला सांगून टाकलं होतं. त्यावर तिने ग्रुप मोडला. आता ती एकटीच मयताची ती जुनी गाणी म्हणते, वाद्याशिवाय. हा कधी कधी जाऊन समोर बसतो.

ते पत्र मी नवऱ्याला दाखवलं. मुलीला अजून दाखवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तपासणीसाठी अकरा जण बाकावर बसले होते. मी पहिल्याला आत घेतलं.