मालनबाईंच्या सायकलची बास्केट

शिक्षकखोलीत किस्से साठतात, कारण ज्यांनी पाहिलेले नसतात तेच ते अधिक रंगवून सांगतात. म्हणून आधीच नोंदवते: शिनोलीत आणि शिनोलीच्या रस्त्यावर घडलेलं मी पाहिलेलं नाही. घोडेगावातल्या आमच्या शाळेच्या फाटकाआतलं तेवढं माझं.

शिवण शिकवणाऱ्या मालनबाई शिनोलीहून येत. एसटी चुकली की उशीर ठरलेला. मुख्याध्यापकही शिनोलीचेच, पण पहिली एसटी धरणारे. अखेर त्यांनी बजावलं, "हजेरीपटात आणखी एक लाल खूण पडली, तर तुम्हाला कायम करण्याची शिफारस मी पाठवणार नाही!"

बाईंनी पुण्याहून लेडीज सायकल आणवली.

*

बाईंच्या सासऱ्यांनी म्हणे सायकलभोवती फेरी मारली. "निम्मीच दिली की राव! दांडी दुकानातच राह्यली!"

बाईंनी साडीतच अलगद पाय टाकून बसून दाखवलं. मामंजी गंभीर झाले. "मग आमी इतकी वर्सं टांग कशापायी मारली?"

*

सीट रुंद, स्प्रिंगची. हँडल उंच, त्यामुळे पाठ ताठ. मधल्या सुट्टीत आमचे शिपाई सखारामभाऊ स्टँडवरच्या सायकलवर बसून डबा खाताना मी स्वतः पकडले.

"उतरा!"

"बाई, हापिसातली खुर्ची लई कुरकुरती. ही न्हाई!"

*

खरी अडचण पुढच्या बास्केटची. घोडेगाव तालुक्याचं ठिकाण, आणि आमच्याकडे तालुक्याला जाणारा माणूस साऱ्या गावाची कामं घेऊन निघतो. "बाई, येवढा अर्ज तहसीलमधी द्या." "बाई, पोरीचा स्वेटर तेवढा पोचवा." एकदा तर जिवंत कोंबडी! सायकलचे थांबे एसटीपेक्षा जास्त झाले.

"नाही म्हणता येत नाही?" मी विचारलं.

"एसटीत गर्दी आहे म्हणता यायचं. रिकामी बास्केट सगळ्यांना दिसते!"

*

एका गुरुवारी प्रार्थना संपली, तरी बाई नाहीत. मुख्याध्यापक हजेरीपट उघडून, लाल पेनाचं टोपण काढून बसले. मी समोरच होते. बाई धापा टाकत आत आल्या.

"कारण?"

बाईंनी फडक्यात बांधलेला डबा टेबलावर ठेवला. "सर, तुमच्या घरून. वहिनी म्हणाल्या, 'सायेब पयल्या गाडीनं उपाशीच गेल्यात. भाकरी भाजूस्तवर थांबा.' थांबले."

सरांनी गाठ सोडली. भाकरी अजून गरम होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि हजेरीपट मिटून डबा पुढे ओढला.

त्या तारखेचा रकाना मी नंतर तपासला. त्यात लाल खूण नाही. बाईंची सहीही नाही.