टाचणीचं चुकलेलं माप

उताराच्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीच्या जरा अलीकडं, दोन दुकानं खांद्याला खांदा लावून उभी होती. एकात सायकली दुरुस्त व्हायच्या, दुसऱ्यात कपडे शिवले जायचे. मध्ये फळ्यांची भिंत आणि भिंतीत एक चौकोनी झरोका. त्या झरोक्यातून दिवसभर चहा यायचा. पाठवणारा नवरा, पिणारी बायको. नवऱ्याला सगळे सायकलवाला म्हणायचे आणि बायकोला टाचणी.

हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याची नजर पक्की होती. बाई उंच, सरळ, हडकुळी. केसांचा अंबाडा तेवढा मोठा, त्यामुळं लांबून खरंच टाचणी उभी केल्यासारखी दिसायची. वारा सुटला की सायकलवाला झरोक्यातून म्हणायचा, "दार लावून घे गं. उडालीस तर पंक्चर टाकून तुझ्यामागं कोण पळणार?" ती तोंडातल्या तोंडात काहीतरी उत्तर द्यायची. मोठ्यानं बोलायची सोयच नव्हती, कारण ओठांत सात-आठ टाचण्या धरलेल्या असायच्या. सकाळी दुकान उघडलं की त्या ओठांत जायच्या, दिवेलागणीला बाहेर यायच्या. मधे सुट्टी मिळायची ती फक्त चहासाठी. जेवायचं म्हणजे मशीन थांबवा, हात धुवा, डबा उघडा, पुन्हा हात धुवा, नाहीतर कापडाला डाग. त्यापेक्षा चहा बरा. चहा उभ्याउभ्या होतो. दुपारचा डबा कितीदा तरी भरला तसाच घरी जायचा.

पण हाताला यश होतं. बारा वर्षांत तिचं माप कधी चुकलं नाही, घातलेली शिवण कधी उसवावी लागली नाही, आणि याचा तिला गर्व होता. असायलाच हवा. कोणतंही नवं कापड ती आधी पाण्यात भिजवायची, दोरीवर वाळवायची, आटू द्यायची आणि मगच त्याला कात्री लावायची. कुणी घाई केली की सांगायची, "न भिजवता बेतलं तर पहिल्या धुण्यात तुमचा सदरा तुमच्या पोराला होईल. मग माझ्या नावानं शंख करू नका."

बायकांची गुपितं तिला सगळ्यांच्या आधी कळायची. कमरेभोवती टेप फिरवली, आकडा बघितला, की ती एवढंच म्हणायची, "शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडते हं. लागेल तुला." बाई लाजून पाणी व्हायची, आणि नवऱ्याला बातमी कळायची ती नंतर.

स्वतःच्या झग्यात तिनं ती दोन बोटं दोनदा सोडली होती. दोन्ही वेळा तिसरा महिना उलटायच्या आत सगळं संपलं, आणि ते राखलेलं कापड शिवणीत तसंच दुमडलेलं राहिलं. त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. सायकलवाला त्या दिवसांत चहा जरा गोड करून पाठवायचा, एवढंच.

तिसऱ्या खेपेचा विचार मनात घोळू लागला तेव्हा एक दिवस दवाखान्यातल्या सिस्टर कपडे सैल करायला आल्या. सिस्टर म्हणजे अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. टाचणी त्यांच्या कमरेचं माप घेत होती आणि सिस्टर तिच्या मनगटाकडं बघत होत्या.

"दरवर्षी माझा झगा सैल करतेस," सिस्टर म्हणाल्या, "आणि तुझा दरवर्षी आवळतेस. माझ्यातलं काढलेलं तुला जोडता आलं असतं तर दोघींचं भलं झालं असतं. जीभ बघू."

टाचणीनं टाचण्या काढून जीभ दाखवली.

"पांढरीफटक. उद्या दवाखान्यात ये. रक्त तपासू, वजन करू."

"अजून काही नाहीये हो सिस्टर. दिवस गेले की येते."

"तेव्हा उशीर होतो. तुझ्यासारखीनं आधी यायचं असतं."

दुसऱ्या दिवशी रक्त निघालं आठ. वजन बेचाळीस किलो. डॉक्टरीणबाईंनी बाकीच्या तपासण्या केल्या, त्या ठीक निघाल्या. सिस्टरनी तिला बाकावर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. त्यांचा आवाज हळू होतो हे टाचणीला त्या दिवशीच कळलं.

"आधीची दोन का गेली ते छातीठोक कुणी सांगणार नाही, आणि त्यात तुझा दोष काढायचा नाही. पण आठ रक्तावर आणि या वजनावर तिसऱ्यांदा राहिलीस तर तुलाही धोका आणि बाळालाही. बाळाचा कणा पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, बाईला पत्ताही नसतो तेव्हा. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून, रोज. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी. आणि जेवण. डाळ, अंडी, पालेभाजी, दूध, फळं, काय परवडेल ते, पण दिवसातून तीनदा ताटावर बसून. रक्त बारा झालं की मग पुढचा विचार. तोवर सांभाळून राहा दोघं."

टाचणीनं झग्याची कड दोन बोटांत धरून चाचपली. मग म्हणाली, "म्हणजे बेतायच्या आधी कापड भिजवून घ्यायचं."

"काय?"

"काही नाही. समजलं मला."

घरी सासूला मात्र हे समजेना. सासू तशी मनानं चांगली, पण तिचं ज्ञान लोणच्यासारखं, जेवढं जुनं तेवढं चांगलं असं तिला वाटायचं. "गरोदर बाईनं कमी खावं. बाळ लहान राहतं, सुटका सोपी होते. आणि हिला तर अजून दिवसही नाहीत, मग कशाला खायचं?"

"आई, मग तुमच्या लेकाच्या वेळी तुम्ही कमी खाल्लं होतं का?"

"हो तर."

सुनेनं दारातून आत येणाऱ्या नवऱ्याकडं नुसतं बघितलं. सायकलवाला ठेंगणा होता, इतका की उंच सायकलचं सीट त्याच्या छातीला लागायचं. तो म्हणाला, "माझ्याकडं का बघताय दोघी?" सासूनं विषय बदलला.

तीन महिने गेले. टाचणी नेमानं गोळ्या घेत होती, एक दिवस खाडा नाही. अंडंही खात होती, नाक मुरडून. सिस्टरनी टाचण्यांसाठी मनगटावर बांधायची गादी आणून दिली होती, त्यामुळं तोंड मोकळं झालं होतं आणि डबा रिकामा घरी जाऊ लागला होता. वजन तीन किलोनं वाढलं. ती ऐटीत रक्त तपासायला गेली.

रक्त निघालं आठ आणि वर थोडंसं, जेमतेम.

टाचणी घरी आली ती थेट मशीनवर बसली. झरोक्यातून चहा आला, तो निवून गेला. सायकलवाल्यानं डोकं घालून विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "माझं कापडच कच्चं असेल, हो. कितीही भिजवा." मग पुन्हा टाचण्या ओठांत धरल्या आणि त्या दिवशी डबा उघडला नाही.

सिस्टरना काही हे पटेना. गोळी घेते आणि रक्त वाढत नाही, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. चार दिवसांनी झग्याचं निमित्त काढून त्या दुकानात येऊन बसल्या. चार वाजले. टाचणीनं कातरकामाच्या टेबलावर तीन गोळ्या ओळीनं मांडल्या, तिन्ही एकदम तोंडात टाकल्या, घोटभर पाणी प्यायली. तेवढ्यात झरोक्यातून दुधाळ चहाचा भला मोठा पेला आला, तो तिनं वर रिचवला.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "हे रोज असंच?"

"रोज. चार म्हणजे चार. घड्याळ लावून घ्या."

"अगं, लोहाची गोळी दुपारी जेवणानंतर आणि कॅल्शियमची रात्रीच्या जेवणानंतर म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतं. पण आमच्या कामात असं नसतं हो. लाल दोरा ओवला की लाल रंगाचं जेवढं असेल तेवढं सगळं शिवून मोकळं व्हायचं. सारखा दोरा बदलत बसलं तर दिवस पुरायचा नाही. गोळ्या त्या गोळ्या. एकदम घेतल्या की विसरायला नको."

"आणि चहा? चहाबरोबर घेऊ नको म्हटलं होतं."

"चहाबरोबर कुठं घेतली? पाण्याबरोबर घेतली. तुम्ही बघितलंत की. चहा नंतर प्यायले."

सिस्टरनी कपाळाला हात लावला, मग पोट धरून हसायला लागल्या. नव्यानं सैल केलेली शिवण तेवढ्यात उसवते की काय असं टाचणीला वाटलं.

"बाई गं, पोटात गेल्यावर चहाला काय ठाऊक तू आधी प्यायलीस का नंतर? चहा दारात पाय पसरून बसतो आणि लोहाला आत येऊ देत नाही. कॅल्शियमचंही तसंच, दोघांना एकाच दारातून जायचं असतं, मग ढकलाढकली. तीन महिने तू लोह खाल्लंस आणि त्यातलं बहुतेक बाहेर टाकलंस. तुझं कापड चांगलं आहे. दोरा चुकला."

झरोक्यात सायकलवाल्याचं तोंड दिसलं. तो सगळं ऐकत होता. "म्हणजे चोर माझा चहा?"

"तुझाच."

"दिवसाला सात वेळा मी चोर पाठवतो होय घरात," तो म्हणाला आणि किटलीकडं सख्ख्या भावानं दगा दिल्यासारखं बघू लागला.

त्याच दिवशी दुकानाच्या भिंतीवर तीन खिळे ठोकले गेले. पहिल्यावर निळा दोरा, सकाळी, फॉलिक ॲसिडचा. दुसऱ्यावर लाल, दुपारी जेवणानंतर, लोहाचा, लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि त्याच्या मागंपुढं दोन तास चहा बंद. तिसऱ्यावर पांढरा, तो दोरा संध्याकाळी दुकान बंद करताना मनगटाला गुंडाळून ती घरी न्यायची आणि कॅल्शियमची गोळी घेतली की सोडायची. दोरा बदलायचा कंटाळा करणारी बाई आता दिवसातून तीनदा दोरा बदलू लागली. झरोक्यातून दुपारी लिंबाचं पाणी येऊ लागलं. चहा सातावरून दोनावर आला. पहिला आठवडा टाचणीचं डोकं दुखलं आणि सायकलवाल्याचं तोंड उतरलं, मग दोघांनाही सवय झाली.

पुढच्या तपासणीला रक्त दहा. त्याच्या पुढच्या खेपेला बारा. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली तेव्हा टाचणीनं घरी काही सांगितलं नाही, फक्त त्या दिवशीचा चहा स्वतः केला आणि झरोक्याच्या उलट्या बाजूनं नवऱ्याला पाठवला. लग्नाच्या सात वर्षांत पहिल्यांदा. त्याला बरोबर कळलं.

दिवस गेले. आणि आता सासूचा काटा दुसऱ्या टोकाला गेला. "दोन जीवांची आहेस, दोघांचं खा." ताटात डोंगर. सिस्टर येऊन ओरडल्या, "अहो आजीबाई, ते दुसरं माणूस अजून चिंचोक्याएवढं आहे, त्याला जेवायला किती लागणार? चार घास जास्त, दर थोड्या वेळानं, आणि चांगलं खायचं. डोंगर नको." सासू पुटपुटली, "कमी म्हटलं तरी चूक, जास्त म्हटलं तरी चूक," पण दहा वाजता मूठभर दाणे, पाच वाजता फळ, हे तीच पदरात बांधून दुकानात आणून द्यायची आणि खाऊन होईपर्यंत समोरून हलायची नाही.

तिसरा महिना आला तेव्हा दुकानात कुणी मोठ्यानं बोलेना. टाचणी मशीन हळू चालवायची. महिना उलटला. चौथ्यात तिनं सासूच्या हातात टेप दिली. "आई, माझं माप घ्या. स्वतःचं स्वतःला घेता येत नाही." सासूनं टेप उलटी धरली, आकडा वाचता येईना, शेवटी म्हणाली, "आकडा राहू दे. दोन बोटं सोड. चार सोड." तिनं चार सोडली. महिन्यामहिन्याला ती उलगडत गेली.

नवव्यात मुलगी झाली. वजन तीन किलोला जरा कमी, आवाज सिस्टरसारखा.

टाचणीनं उशाखालून एक लहानसं झबलं काढलं. पांढरं, बारीक टाक्यांचं, कडेला लाल दोऱ्याची वेल. सहाव्या महिन्यात कुणालाही न दाखवता शिवलेलं. सासूनं ते बाळाच्या डोक्यातून घालायला घेतलं. गळा डोक्यावर अडला. दुसऱ्या बाजूनं घातलं. हात बाहीत शिरेना. सिस्टर म्हणाल्या, "हे कुणाच्या मापाचं शिवलंस गं? बाहुलीच्या?"

टाचणी झबल्याकडं बघत राहिली. माप कुणाचं होतं ते तिला ठाऊक होतं. सहाव्या महिन्यात, सगळं ठीक चाललेलं असताना, तिच्या हातानं भीतीचं माप घेतलं होतं. एवढंसं.

"बारा वर्षांत पहिल्यांदा चुकलीस," सायकलवाला दारातून म्हणाला. "आता सगळीकडं सांगतो."

"सांगा," ती म्हणाली. "आई, माझी कात्री द्या."

आणि अंथरुणावर बसूनच तिनं झबल्याची शिवण उसवायला घेतली, एकेक टाका, सावकाश. कडेचं दुमडलेलं कापड तिनं बोटांनी चाचपलं. चांगलं दोन बोटं होतं.