सरांच्या कयाकसाठी दिलेला होकार

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षी मला एका पत्राची फार गरज होती. पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करायचा तर प्रोजेक्टच्या सरांचं शिफारसपत्र जोडावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. अशी पत्रं कशी मागतात हे घरात कोणाला विचारणार? कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चार दिवस केबिनसमोरून नुसती ये-जा केली, मग एकदाची आत गेले. सर चांगले होते. "लिहून देईन की," म्हणाले आणि त्याच दमात त्यांनी विचारलं, "तू उरणकडची ना? कोळी ना तुम्ही?"

मी हो म्हटलं.

"मग मला तुझी मदत हवी."

सरांनी मासेमारीची कयाक घेतली होती. पिवळी, प्लॅस्टिकची, एकट्याने बसून वल्हवायची होडी. गळाच्या काठ्या रोवायला चार भोकं आणि पाण्याची बाटली ठेवायला एक खळगा. महिनाभर ती खांदा कॉलनीत त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडून होती आणि सेक्रेटरी दोनदा येऊन बोलून गेले होते. खाडीपर्यंत न्यायची तर गाडीच्या टपावरून न्यावी लागणार, आणि टपावर कसले आधार बसवायचे तेच ठरत नव्हतं.

"बाजारात दहा प्रकार आहेत," सर म्हणाले, "पण होडी कशी धरायची हे तुम्हा लोकांच्या रक्तातच असतं."

माझ्या रक्तात काय आहे ते मला ठाऊक होतं. मचव्यात बसले की दहाव्या मिनिटाला मला बोट लागते. आजोबा गेल्यावर घरात होडी राहिली नाही. बाबा जासईला कंटेनरच्या यार्डात लॅशिंग करतात, म्हणजे वाटेत माल हलू नये म्हणून तो पट्ट्यांनी जखडतात. आई मासळी विकते, पण घाऊक बाजारातून आणून. हे सगळं सरांना तिथेच सांगायला हवं होतं. पण सरांना "नाही" कसं म्हणायचं, हे कुठल्याच सेमिस्टरला शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "हो सर."

मग आठ दिवस परीक्षेसारखा अभ्यास केला. परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले. इंग्रजी 'J' अक्षरासारखे हुक असतात, त्यांत कयाक कुशीवर झोपते. खोगिरासारखे आधार असतात, त्यांवर ती पोटावर बसते. काही लोक नुसत्या फोमच्या उशा ठेवतात. सरांच्या गाडीच्या टपावर दोन्ही बाजूंना चंदेरी रेल, म्हणजे लांब दांड्या होत्या; आधार त्यांवरच बसणार होते. मी टेप घेऊन गेले, त्यांची लांबी आणि मधलं अंतर मोजलं, कयाकची रुंदी मोजली, पाच बाजूंनी फोटो काढले. सहा पानांचा अहवाल झाला. त्यातल्या तक्त्यात 'J' हुकांना सर्वांत जास्त गुण मिळाले, कारण व्हिडिओतल्या बहुतेकांकडे तेच होते.

सरांनी तक्ता पाहिला. "वा! आम्हाला हे सुचलंच नसतं," म्हणाले. रविवारी ऑर्डर द्यायचं ठरलं.

शनिवारी दुपारी बाबा जेवून बसले होते. मी ऐटीत त्यांना फोनमधले फोटो दाखवले. त्यांनी एक फोटो दोन बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा केला.

"बोल्ट कुठं हाय?"

"कसला बोल्ट?"

"ही दांडी टपाला कशावर धरलीय? बोल्ट नाय, वेल्डिंग नाय. चिकटवलीय गो ही. शोभेची हाय."

मी पाचही फोटो तपासले. गाडीचं माहितीपुस्तक शोधून वाचलं. रेल सजावटीसाठी आहेत, त्यांवर वजन टाकू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी त्यांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजली होती, पण त्या कशाला धरून आहेत हे पाहिलं नव्हतं. मशीन डिझाइन शिकवणारे आमचे सर तीन वर्षं ती गाडी चालवत होते, त्यांनीही पाहिलं नव्हतं, पण त्याने मला काही बरं वाटलं नाही.

"फोन कर तुज्या सराला," बाबा म्हणाले.

"आणि मग त्यांनी पत्रच दिलं नाही तर?"

"होडी हायवेवर कुनाच्या टकुऱ्यात पडली, तर ता पत्र कुनाला दाखवशील?"

मेसेज तीनदा लिहिला, तीनदा पुसला. शेवटी फोनच केला. "सर, माझी चूक झाली," म्हटलं आणि एका दमात सगळं सांगितलं. "पण त्या रेल कंपनीने लावून दिल्यात!" म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम उजळला. "वडिलांनी ओळखलं? त्यांना घेऊनच ये उद्या. खरा दर्यावर्दी माणूस!"

ते यार्डात असतात, असं मी म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

रविवारी सोसायटीच्या गेटवर वॉचमनने वही पुढे केली आणि काम विचारलं. "होडी बांधायला," बाबा म्हणाले. वॉचमनने आमच्याकडे पाहिलं, मागच्या चार मजली इमारतीकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, "पर्सनल."

सर खाली वाटच पाहत होते. "काका, तुमच्यात पूर्वापार होडी कशी नेतात?"

"पान्यातनं, सर."

"नाही, म्हणजे जमिनीवरून?"

"जमिनीवरनं कुठं नेयाची तिला?"

बाबांनी कयाकभोवती एक फेरी मारली, बोटांनी तिचा तळ ठोकला. "ही रुंद हाय, बूड सपाट हाय. हुकात कुशीवर निजवली का वारा धरंल. गाडीच्या दाराच्या चौकटीला पकडतात ना, तसले पाय घ्या. त्यावर दोन आडवे बार, बारला रबर, नि वर ही पालथी."

"पालथी!" सरांनी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. "काका, पालथ्या होडीबद्दल तुमच्यात काही समजूत वगैरे आहे?"

"सुलटी नेली तर पाऊस भरंल तिच्यात, सर. वजन वाढंल."

सरांनी रेकॉर्डिंग बंद केलं.

पुढच्या रविवारी बार आले. भार पडल्यावर ते किती वाकतील हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. मी वहीत गणित मांडून आणलं होतं. बार बसवल्यावर प्रत्येकाला पाण्याचा एकेक जार टांगला, दोरा ताणला आणि बारला किती बाक आला ते मोजलं. तेवढ्यात सर वर घरी जाऊन चहा पिऊन आले. मग बाबांनी पट्टे आवळले, पुढून आणि मागून गाडी ओढून न्यायच्या हुकांना दोऱ्या बांधल्या आणि कयाक धरून जोरात हलवली. गाडी हलली, कयाक हलली नाही. सर खाडीवर जाऊन आले. मासा एकही मिळाला नाही, पण खूश होते.

त्याच आठवड्यात पत्र मिळालं. इंग्रजीत होतं, मी घरी मराठीत करून वाचलं: 'पिढ्यान्पिढ्यांच्या सागरी वारशामुळे या विद्यार्थिनीला नौकांचं उपजत ज्ञान आहे.'

"उपजत म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"जन्मापासून येतं ते. न शिकता."

"मंग चार वर्सं कालेजात काय करत होतीस?"

आई आतून हसली. मला हसू येईना. मुदत संपायला चार दिवस होते आणि पत्र कौतुकाचं होतं. तसंच जोडलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं. पण मला पुढे मशीन डिझाइन शिकायचं होतं, आणि माझ्या अभ्यासाबद्दल त्या पत्रात "वक्तशीर" एवढा एकच शब्द होता.

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन केबिनच्या दारात उभी राहिले.

"काय गं, स्पेलिंग चुकलं का कुठे?"

"नाही सर. मला होडीतलं काही येत नाही."

"हा तुझा विनय झाला."

"विनय नाही सर. मला बोट लागते." आता थांबणं जास्त अवघड होतं. "आणि बाबा यार्डात काम करतात. बांधायचं ते तिथेच शिकले."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग मी लिहू काय?"

ते चिडले नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "हे मी केलं, सर. बारचा बाक."

"हे कधी केलंस?"

"तुम्ही चहाला वर गेला होतात तेव्हा."

सर वाचत गेले. एका जागी पेन थांबलं. "इथे बारची टोकं घट्ट धरलेली का नाही मानलीस?"

"पायांना रबर आहे सर, ते टोकांना थोडं फिरू देतं. घट्ट मानून पाहिलं, तर आकडा मोजलेल्या बाकापेक्षा बराच कमी येत होता."

सरांनी "हं" केलं, मागचं पान उलटून पुन्हा पाहिलं. मग कॉम्प्युटरवर जुनं पत्र उघडून पुसायला लागले. नवं पत्र पहिल्याच्या निम्मं भरलं. 'पहिल्या अहवालात चूक होती, ती कळताच तिने स्वतः फोन करून सांगितली,' हेही त्यात होतं. ते वाक्य ठेवू की काढू, असं सरांनी मला विचारलं. मी ते पुन्हा एकदा वाचलं आणि म्हटलं, "राहू द्या, सर."

समुद्र मात्र त्यात कुठेच नव्हता.