मांजरेचा रिकामा घडा

३ मेच्या दुपारी मी शाहीन आपांचा शाईचा रोलर रॉकेलने पुसत होते. आपा नुकत्याच वारल्या होत्या आणि रोलरवरची शाई वाळून दगड झाली होती.

लातुरात आमच्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच त्यांची खोली. शाळेत चित्रकला शिकवायच्या, उरलेल्या वेळात लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापे काढायच्या. विषय एकच, नद्या. जुन्या देवळांच्या चौकटीवर असतात तशा, मगरीवर उभ्या, हातात घडा. कोणी विचारलंच, "आपा, तुम्ही कशाला देवी कोरता?" तर म्हणायच्या, "मंग माझ्या नळाला कोण येतंय? मांजरा नदीच की! आली तर."

भूकंपानंतर औशाकडे एका पडलेल्या देवळात त्यांना चौकटीवरची नदी सापडली. तोंडावर पडलेली, घडा फुटलेला. घरी येऊन त्यांनी मांजरा कोरली. ताठ उभी, मान वर, हातातला घडा पार उलटा. त्यातून थेंब नाही.

"पडली होती, उभी केली," त्या म्हणाल्या. "पानी आणणं माझ्या हातात न्हाई."

पुढे गल्लीत क्लासच क्लास झाले. आपांच्या खोलीची इमारत एका क्लासवाल्या सरांनी घेतली. छापा बघून सर खूश. "मॅडम, हे मोठं करून दारावर लावू. खोली तुमच्याकडेच राहू द्या. फक्त घड्यातून पाणी पडू द्या, खाली मुलं ओंजळ धरून. ज्ञानगंगा!"

लिनोवर कोरलेली रेघ छाप्यात पांढरी उमटते. चार रेघा कोरल्या की झालं पाणी. मी म्हटलं, "आपा, कोरून टाका. खोली वाचेल."

"कोरलेली रेघ परत भरती का गं, मंदा?"

"नाही."

"मंग?" आणि सरांना म्हणाल्या, "तुम्ही नदीत पानी आणा सर. त्याच दिवशी कोरते."

खोली गेली. आपांनी छापायचं यंत्र सरळ माझ्या दुकानात आणून ठेवलं. मला विचारलं नाही. "तुझी मशीन बी छापती, माझी बी छापती. दोघींचं लई जमंल."

त्या दुपारी रोलर पुसत असतानाच सर आले. "आपांनी तुम्हाला शिकवलंय ना? आता तुम्हीच कोरा त्या चार रेघा. आमच्या नोट्सचं काम तुमच्याकडेच ठेवतो." माझं दुकान त्याच नोट्सवर चालतं. उद्या सांगते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली बॅच सुटायच्या आत, मी रोलरला शाई लावली. दुकानाच्या काचेवरची 'नोट्स मिळतील' ही पाटी काढली आणि तिथे मांजरेचा ओला छापा चिकटवला. घडा रिकामाच.