डाव्या क्रेटमधली एक्केचाळीस

जयवंता निरवांगीची. लग्नानंतर वर्षभरातच ती इंदापूर रस्त्यावरच्या हॅचरीत लागली, आणि एकोणीस वर्षं तिने पिल्लांचे पंख बघितले.

एक दिवसाचं पिल्लू डाव्या हाताने उचलायचं, उजव्या अंगठ्याने पंख पसरायचा, टोक बघायचं. पिसं एक लांब, एक आखूड असली तर मादी, उजव्या क्रेटमध्ये. सगळी सारखी असली तर नर, डाव्या क्रेटमध्ये. तासाला दोन हजार. बसून करायचं काम म्हणून कुणी त्याला हलकं समजू नये. दोन तासांनी मान आखडते, अंगठ्याचं पेर सुजतं. पिल्लू दाबलं तर मरतं, सैल धरलं तर निसटतं.

हॅचरी अंड्यांच्या कोंबड्यांची. तिथे नराचा उपयोग नाही. डावं क्रेट भरलं की मागच्या खोलीत जायचं आणि रिकामं परत यायचं. त्यातलं पिल्लू पुन्हा तपासलेलं जयवंताने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हजारात पाच-सहा चुका निघत, त्याही उजव्या क्रेटमध्ये, पिल्लं मोठी झाल्यावर. मॅनेजर विजयसिंह नव्या बायकांना सांगायचे, "जयवंताकाकींचा हात बघा आणि शिका."

गेल्या वर्षी मशीन आलं. उबवणीच्या नवव्या दिवशी ते अंड्याला केसाएवढं भोक पाडून थेंब काढी आणि आत नर आहे की मादी ते सांगे. नराची अंडी तिथेच बाजूला काढायची, मादीचीच पुढे उबवायची. ज्या दिवशी मशीन बसवलं, त्या दिवशी त्याला हार घातला, नारळ फोडला.

"माणसाचं असं बघितलं तर डॉक्टरला जेल हाय," नळावर हात धुताना शकुबाई म्हणाली. "हितं बघणाऱ्याला हार."

शकुबाई टेबलावरची सगळ्यात जुनी. ती हसली, पण बाकीच्या पाचजणी हसल्या नाहीत. विजयसिंहांनी सकाळीच सांगितलं होतं. मशीनने मादी म्हटलेली हजार पिल्लं जयवंता हाताने तपासणार. त्यात वीसपर्यंत नर निघाले तर मशीन पास आणि पंखांचं टेबल बंद. सहाजणींपैकी दोघींना ट्रे धुवायला ठेवायचं, चौघींनी घरी जायचं.

"काकी, तपासणार तुमीच," मनिषा म्हणाली. तिला येऊन दोनच वर्षं झाली होती. "तीसेक जास्तीची टाका डावीकडं. कोण बघायला बसलंय?"

"माद्या असत्याल गं त्या."

"मग? डावीकडं टाकलेलं एक तरी जगलंय का आजवर?"

"तिला नगं सांगू," शकुबाई म्हणाली. "तिचा हात तिचंबी ऐकत न्हाय."

बारा दिवसांनी त्या अंड्यांतली पिल्लं निघाली आणि जयवंता टेबलाला बसली. पहिल्या पाचशेत पाच नर निघाले. मशीन खरं बोलत होतं. मनिषा समोर एकच ट्रे पुन्हा पुन्हा पुसत होती.

जयवंताने पुढचं पिल्लू उचललं. पिसं लांब-आखूड, स्पष्ट. हात उजवीकडे गेला. क्रेटच्या काठावरून तिने तो परत आणला आणि पिल्लू डावीकडे सोडलं. मग आणखी एक. प्रत्येक वेळी हात आधी उजवीकडे जाई, तो ओढून आणावा लागे. अर्ध्या तासाचं काम, पण तिला सव्वा तास लागला. चार तास सलग बसूनही तिचं अंग कधी असं ठणकलं नव्हतं. शेवटी डाव्या क्रेटमध्ये एक्केचाळीस पिल्लं होती. अकरा नर, तीस माद्या.

विजयसिंहांनी क्रेट उचललं. पण ते मागच्या खोलीकडे वळले नाहीत. त्यांनी ते कोंबड्यांच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

"मशीनवाल्यांची अट आहे," ते म्हणाले. "डावीकडची सगळी पोट उघडून बघायची."

डॉक्टर एकेक पिल्लू मारून कात्रीने उघडत होते. "नर. मादी. मादी. मादी." जयवंता शेवटपर्यंत तिथेच उभी राहिली. एक्केचाळीसाव्यापर्यंत. मशीन पास झालं.

विजयसिंहांनी तिला बाजूला घेतलं. "हजारात पाच चुकणारा हात, आणि आज तीस? चुकलं, का मुद्दाम केलंत? खरं सांगा. मुद्दाम असेल तर तुम्ही सहाहीजणी आजच्या आज घरी."

काचेपलीकडे पाचहीजणी उभ्या होत्या. चुकलं म्हटलं तर निदान दोघी राहणार होत्या.

"चुकलं," जयवंता म्हणाली. "आताशा नीट दिसत न्हाय."

त्यांचा चेहरा निवळला. तेच तिला बघवेना.

"आधी बोलायचं ना, काकी. उद्या आपली गाडी बारामतीला चाललीय. डोळे तपासून घ्या आणि कागद मला आणून द्या."

बारामतीच्या डॉक्टरने तिला फळ्यावरचे आकडे वाचायला लावले. सगळ्यात खालची ओळही तिने न अडखळता वाचली.

"मावशी, तुम्हाला काहीच झालेलं नाही."

"चष्मा द्या की."

"कशाला?"

"सायबांनी सांगितलंय."

डॉक्टर हसला आणि कागदावर लिहिलं, नजर उत्तम. जयवंताने त्या कागदाची चार वेळा घडी घातली आणि तो पिशवीच्या तळाशी कोंबला. एस.टी. स्टँडजवळच्या टपरीवरून तिने साध्या काचेचा चष्मा घेतला. विजयसिंहांना सांगितलं, कागद कुठं तरी पडला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ट्रे धुवायला तिला आणि मनिषाला ठेवलं. जाताना शकुबाई तिच्याकडे बघत राहिली.

"शोभतोय गं तुला," एवढंच म्हणाली.

ट्रे गरम पाण्याने धुवावे लागतात. वाफेने काचा धुरकटतात. पदराने पुसायच्या, पुन्हा घालायच्या.

"काढा की, काकी," मनिषा कधीतरी हळूच म्हणे. जयवंता काढत नसे. कोण कधी येईल, सांगता येत नव्हतं.

एके दिवशी ट्रेच्या कोपऱ्यात एक पिल्लू राहून गेलेलं निघालं. विजयसिंह तिथूनच चालले होते. त्यांनी ते उचललं आणि जुन्या सवयीने तिच्यासमोर धरलं.

"काकी, काय आहे हे?"

पिल्लाने पंख फडफडवला. चष्म्याच्या वरून जयवंताला टोकाची पिसं दिसली. एक लांब, एक आखूड.

"दिसत न्हाय, सायेब," ती म्हणाली, आणि पुढचा ट्रे पाण्यात बुडवला.