कोन हाय खानारा?

"कोन हाय खानारा?"

ऑर्डर सांगितली की ती आधी हेच विचारायची. मी म्हणायचो, "अगं, पाच नंबर टेबल." ती हातातलं पीठ तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहायची. मग मी मुकाट्याने मान वाकडी करून टेबलाकडे बघायचो. "आजी आहेत, नातवाला भरवतायत."

"मंग भाकर मऊ काढते," म्हणायची आणि कामाला लागायची.

तुम्ही हायवेवरच्या हॉटेलात जेवला असाल, तर अशी बाई बघितलीच असेल. दर्शनी भागात काच, काचेमागे नऊवारीतली बाई तांदळाची भाकरी थापतेय, आणि लोक मोबाइलवर फोटो काढतायत. भिवंडी बायपासला आमचं हॉटेल होतं. मी तिथे कॅप्टन, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्यांचा म्होरक्या. ती जवळच्याच अंजूर गावची. घरचं शेत गोदामाखाली गेलेलं. सकाळी रिक्षाने यायची, साधी साडी बदलून हॉटेलची नऊवारी नेसायची आणि काचेमागे बसायची. डोळे मात्र आतल्या भट्टीवर.

"लोक मना बगतात. माजी भाकर कोन बगतो?" ती एकदा म्हणाली. "मना भट्टी पायजे, दादा."

भट्टीवर उस्ताद होते, उत्तर प्रदेशातले. हाताला चव, तोंड तिखट. "औरत का हाथ भाकरी पे अच्छा," म्हणायचे. तिचा तो प्रश्न कानावर पडला की वैतागायचे, "इधर आदमी नहीं खाता, टेबल खाता है. स्वाद रोज एक!" त्यांचंही चुकत नव्हतं. हॉटेल त्यावरच चालतं.

एका रविवारी उस्तादांच्या हाताखालचा माणूस आला नाही आणि चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, रश्श्याची कढई तिच्याकडे आली. पदर खोचून अशी उभी राहिली की जणू माहेरीच आली आहे. पहिली ऑर्डर मीच घेऊन गेलो.

"कोन हाय खानारा?"

"म्हातारबाबा आहेत. एकटेच. थकलेले दिसतात."

तिने मसाल्याचा हात आखडता घेतला. रस्सा बाहेर गेला आणि तसाच परत आला. मागोमाग म्हातारबाबांचा आवाज, "मी काय दवाखान्यात आलोय?" सगळं हॉटेल हसलं. उस्तादांनी काचेकडे बोट दाखवलं.

ती जाऊन भाकऱ्या थापायला बसली. डोळे धुराने लाल झाले असं म्हणाली, पण मला ते खरं वाटलं नाही.

"तुमी त्यांचा वय सांगलात, दादा," ती म्हणाली. "भूक न्हाय सांगली."

त्यानंतर तिने भट्टीचं नाव काढलं नाही. स्टाफचं जेवण करायचं काम मात्र मागून घेतलं. दुपारची गर्दी ओसरली की आम्ही जेवायचो. तिथे तिला विचारावं लागत नसे, खाणारे समोरच असत. माझा जवळा तिखटजाळ. भांडी घासणाऱ्या मावशींना पेज. उस्तादांना ॲसिडिटी होती, पण शेफने हे कबूल करायचं कसं? त्यांच्या वाटीत मिरची नसे. ती कधी बोलली नाही, तेही बोलले नाहीत. वाटी मात्र रोज स्वच्छ होई.

मुलीच्या लग्नासाठी उस्ताद गावी निघाले. मालक हवालदिल. "भट्टीवर कोण?"

"वो है ना."

"कौन?"

उस्ताद बॅग उचलत म्हणाले, "वही, जो पूछती है कौन खाएगा."

ते परतले तरी एक भट्टी तिच्याकडेच राहिली. त्यांची चव रोज एकसारखी काढायला ती शिकली, आणि तरीही प्रश्न विचारायची सोडली नाही. काही वर्षांनी नाशिकच्या एका मोठ्या हॉटेलाने तिला मुख्य शेफ म्हणून नेलं. उंच पांढऱ्या टोपीतला तिचा फोटो स्टाफच्या ग्रुपवर आला. मला केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी ऑर्डर घेऊन आत गेलो. येताना सवयीने टेबलाकडे बघून घेतलं होतं. एक लहान मुलगी खोकत होती. पण विचारायलाच कुणी नव्हतं. तेव्हापासून मला तिची जी आठवण येते, ती नोकरी सुटली तरी गेलेली नाही.

यंदा नाशिकला गेलो तो मुद्दाम तिच्या हॉटेलात. एकटाच बसलो, चिंबोरीचा रस्सा मागवला. आत नाव कळवावं असं फार वाटलं. पण दुपारची गर्दी होती, आणि गर्दीत भट्टी सोडायची नसते, एवढं मला कळतं.

ऑर्डर घेणारी मुलगी आत गेली आणि लगेच दारात परत आली. मान वाकडी करून तिने माझ्याकडे बघितलं. पांढरे केस, काठी, समोरची रिकामी खुर्ची. मग वळून आत काहीतरी सांगितलं.

रस्सा आला. वास तोच. पहिला घास घेतला, तर तिखट अगदी बेताचं, आता मला सोसतं तेवढंच.

"काका, बरोबर झालंय ना?" मुलीने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "आत सांग, खाणाऱ्याने वाटी पुसून खाल्ली."